मणी युरोपातून आले, कला नाही

अमेरिका आणि कॅनडातल्या आदिवासींच्या मणीकामाबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: गोऱ्या व्यापाऱ्यांनी काचेचे मणी आणले, त्या चकाकीला हे लोक भुलले आणि ही कला जन्माला आली. काचेचे मणी युरोपातून, बरेचसे व्हेनिसहून आले, एवढं खरं. बाकी साफ चूक.

त्याआधी कितीतरी शतकं तिथे शिंपल्यांचे, हाडांचे, दगडांचे मणी होतेच. शिवाय साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम होतं. रंगवलेले काटे तोंडात धरून मऊ करायचे, दातांनी चपटे करायचे आणि एकेक दुमडत कातड्यावर टाचायचे. फार चिकाटीचं काम! शायेन जमातीच्या बायकांची तर यासाठी स्वतंत्र मंडळं होती. जाणत्या सभासद बाईकडून रीतसर शिकल्याशिवाय पवित्र नक्षीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. काचेचे मणी पडले ते या तयार हातांत. त्याला भुलणं म्हणणं हा त्या बायकांवर अन्यायच आहे.

एकत्र बसून शिकण्याची ही रीत आजही चालू आहे. २०१२ मध्ये मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) चित्रकार क्रिस्टी बेलकोर्ट यांनी कॅनडातल्या बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांच्या स्मरणार्थ मोकासिन, म्हणजे मऊ कातड्याच्या जोड्यांचे फक्त वरचे, मणी भरलेले भाग मागवले. पुरे न झालेले जोडे म्हणजे अर्ध्यावर तुटलेली आयुष्यं. ६०० जोड मागितले होते, १,७०० हून अधिक आले. गावोगावी लोक त्यासाठी एकत्र बसले, आणि कित्येकांनी मणीकामाची सुई पहिल्यांदा हातात धरली ती याच बैठकांत.