छापील पुस्तक वाचता येत नाही? विद्यापीठ ग्रंथालयाकडे सुगम प्रतीचा अर्ज असा करा

जून-जुलैत आमच्या काउंटरवर कुणीतरी हमखास विचारतं, "सर, अंधांसाठी काही सोय आहे का?" सोय असते, पण एवढ्या मोघम प्रश्नाला "बघू, ग्रंथपालांना विचारा" हेच उत्तर मिळतं. तेच "इतिहासाच्या दुसऱ्या पेपरचं हे पुस्तक मला युनिकोड वर्ड फाइलमध्ये हवंय" असा लेखी अर्ज पुढे केला, की त्यावर आवक क्रमांक पडतो आणि कुणाला तरी ते काम करावंच लागतं.

आधी कायद्याचं. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत (म्हणजेच सुगम प्रत), मग ती ब्रेल असो, ऑडिओ असो की मोठ्या टाइपातली, तयार करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. सरकारमान्य शिक्षणसंस्था आणि ग्रंथालयं यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. नफा घेता येत नाही. फार तर प्रत तयार करण्याचा खर्च. "कॉपीराइट आहे, स्कॅन करून देता येणार नाही" असं ऐकावं लागू नये म्हणून हे कलम अर्जातच लिहून टाका.

पात्र कोण? अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थी तर आलेच. पण डिस्लेक्सिया (अक्षरं वाचण्यात अडचण येणारी अध्ययन अक्षमता) असलेले, किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे पुस्तक हातात धरून पानं उलटता न येणारेही यात येतात, आणि नेमके तेच अर्ज करत नाहीत. प्रवेशाच्या आरक्षणाला ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. कॉपीराइटच्या या कलमात टक्क्यांचा उल्लेखच नाही.

कागदपत्रं फार नाहीत. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत, चालू वर्षाचं आयकार्ड किंवा बोनाफाईड, ग्रंथालय सदस्यत्व क्रमांक आणि एक हमीपत्र: "ही प्रत मी स्वतःच्या अभ्यासासाठीच वापरेन, पुढे पाठवणार नाही." याचा राग मानू नका. प्रत फक्त दिव्यांग वाचकांच्याच वापरात राहील हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने संस्थेवर टाकली आहे. यूडीआयडीसाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. कार्ड हाती नसेल तर तोवर नोंदणीची पावती जोडून पाहा. लेखनिकाचा (परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्याचा) अर्ज मात्र परीक्षा विभागाकडे. तो इथे देऊन दिवस वाया घालवू नका.

आता खरी मेख. अर्जात नुसतं "पीडीएफ" लिहिलंत तर पानांचे फोटो मिळतील, आणि फोटोतली अक्षरं एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचत नाही. प्रकाशकाने फाइल दिली तरी ती जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असू शकते: पडद्यावर छान मराठी, कानात इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणून "युनिकोड" (स्क्रीन रीडरला कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) हा शब्द हवाच. ओसीआर केलेल्या, म्हणजे फोटोतून संगणकाने ओळखलेल्या मजकुरात "खेळ"चा "रवेळ" होतो आणि जोडाक्षरं फुटतात. कुणीतरी मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. तीनशे पानांना यात आठवडे जातात, त्यामुळे हव्या असलेल्या पुस्तकांची यादी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात द्या. आधी लागणाऱ्या प्रकरणांवर खूण करा, म्हणजे ती आधी मिळतील.

त्याआधी सुगम्य पुस्तकालयात शोधून घ्या. हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. डेझी फोरम ऑफ इंडिया या सुगम पुस्तकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या मंचाच्या सदस्य संस्थांमार्फत तिथलं सदस्यत्व मिळतं. कुणी आधीच तयार केलेलं पुस्तक पुन्हा टाइप करण्यात अर्थ नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिबाधितांसाठीचं केंद्रही याच क्षेत्रात काम करतं.

अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून विद्यापीठाच्या समान संधी कक्षाकडे जा, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे.

आणि अर्जाच्या शेवटी एक ओळ जरूर घाला: "मूळ पुस्तकाचे पृष्ठ क्रमांक फाइलमध्ये ठेवावेत." नाहीतर प्रबंधात संदर्भ देताना पान कुठलं, हे विचारायला पुन्हा काउंटरवर यावं लागतं.