लिफ्टिंग ट्रॉली: पहिल्या दोन फुटांचा इतिहास

आमच्या इकडे मेकॅनिकलच्या फायनल इयरला दरवर्षी एखादा तरी ग्रुप लिफ्टिंग ट्रॉली बनवतोच. खाली चार कॅस्टर (फिरती छोटी चाकं), मधात कैचीसारखे पाय, वर पत्र्याचा टेबल, १२ व्होल्टची वायपर मोटर, आणि रिपोर्टमध्ये "शेतकरी व हमालांच्या सोयीसाठी" हे वाक्य ठरलेलं. आम्ही पण बनवली होती. व्हायवात (तोंडी परीक्षेत) चालली, मार्केट यार्डात नाही चालली, आणि काहून नाही चालली हे शोधता शोधता जे कळलं ते टाकतोय, नवीन पोट्ट्यांना पहिल्या चॅप्टरला कामी येईल.

आधी यार्डात जाऊन हमाल पोतं कसं उचलतात ते एकदा नीट पाहा. एकटा कोणीच जमिनीवरून थेट पाठीवर घेत नाही. दोघं जण पोत्याचे कान धरून वर हाणतात, तिसरा पाठ खाली घालतो, आणि एकदा का पाठीवर बसलं की तोच एकटा फळीवरून चालत ट्रकमधे चढतो अन् थप्पी लावून येतो. म्हणजे जास्तीची माणसं लागतात ती फक्त पहिल्या दोन-अडीच फुटांसाठी. माझ्या मते या मशीनचा सगळा इतिहास त्या दोन-अडीच फुटांचाच आहे.

चाकाचा यात उपयोग अर्धाच, ते पुढे नेतं, वर नेत नाही. चीनमधे हान राजवटीच्या काळात एकचाकी गाडा होता, पुढे तिथं मोठं चाक मधोमध घेऊन बहुतेक वजन चाकावरच टाकायची पद्धत आली. युरोपात हा गाडा बाराव्या-तेराव्या शतकात दिसतो, तिथं चाक पुढे, त्यामुळे बरंच वजन माणसाच्या हातावर, आपल्या बांधकामावर सिमेंट-रेती वाहणारी गाडी याच जातीची. आणि आपली बंडी पाहा, चाक छातीएवढं, काहून की काळ्या मातीत लहान चाक रुततं. हे आजोबाले माहीत होतं, आम्ही मात्र तीन इंची कॅस्टर लावून मोकळे झालो.

वर न्यायचं काम खऱ्या अर्थानं सोपं केलं ते द्रवाच्या दाबानं. पास्कलचा नियम (बंद द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो) सतराव्या शतकातला, पण त्यावर चालणाऱ्या प्रेसचं (दाबयंत्राचं) पेटंट इंग्लंडमधे जोसेफ ब्रामानं घेतलं ते १७९५ मधे. मधली सव्वाशे-दीडशे वर्षं नुसता नियम पडून होता. त्यात प्रेसची खरी अडचण गळतीची होती, दाब वाढला की रॅमच्या (आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याच्या) बाजूनं पाणी निघायचं. ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेनं तिथं चामड्याची वाटीसारखी सील बसवली, दाब जितका वाढेल तितकी ती रॅमला घट्ट चिकटते, आणि मग प्रेस चालला. हे वाचून मला आमचा पहिला प्रयत्न आठवला, भंगारातून आणलेला बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर गाडी उचलणारा छोटा जॅक), रात्री टेबल वर करून गेलो, सकाळी टेबल खाली आणि फरशीवर तेलाचं थारोळं. सील गेली होती.

बरं, हायड्रॉलिक आपल्या भागाला काही नवीन नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, १८६७ मधे रेल्वे नागपूरला पोचली, मग हिंगणघाट, खामगाव, अकोला इकडे जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचं काम) वाढत गेलं. आज कुठल्याही प्रेसिंगमधे १७० किलोची रुईची गाठ हायड्रॉलिक रॅमच दाबतो. फक्त आपल्याकडे ही ताकद दाबायच्या कामाला लागली, उचलायचं काम हमालाच्या पाठीवरच राहिलं.

उचलणारी गाडी आली ती कारखान्यांतून. १९१७ मधे अमेरिकेत मिशिगनच्या बुकाननमधे क्लार्क कंपनीनं स्वतःच्याच कारखान्यात माल हलवायला ट्रक्ट्रॅक्टर नावाची गाडी केली, बघायला आलेले लोक म्हणाले आम्हालाही द्या. १९२३ ला येल कंपनीच्या गाडीत फोर्क (पुढचे दोन लोखंडी दांडे) वर-खाली व्हायला लागले, दुसऱ्या महायुद्धात पॅलेट (माल ठेवायची लाकडी चौकट) सगळीकडे गेला. इथं खरी मेख पॅलेटमधे आहे. पॅलेट म्हणजे मालाखाली आधीच केलेली फट, अन् फरशी सिमेंटची गुळगुळीत. पोत्याखाली फट नसते. आमचा टेबल पूर्ण खाली आणला तरी चौदा इंचावर, यार्डातल्या एका हमाल काकांनी विचारलं, "येवढं वर आम्हीच ठेवाचं, तं मंग हे कायले पायजे?" उत्तर नव्हतं.

कैचीचं गणित पण तिथंच मारतं. एका कैचीत पाय ओढणाऱ्या आडव्या स्क्रूवरचा जोर म्हणजे वजन भागिले पायाच्या जमिनीशी असलेल्या कोनाचा टॅन. पाय ४५ अंशावर असतील तर २०० किलोला २०० किलोचाच जोर, पण खाली १० अंशावर तोच साडेपाच पटीच्या वर, अकराशे किलोच्या पुढे. आमचा स्क्रू वाकला तो अगदी तळाशी. दोन हमाल जिथं लागतात नेमकं तिथंच.

वजन किती धरायचं हाही इतिहासच आहे. पहिले क्विंटलचं पोतं सर्रास चालायचं. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या शिफारशीत एका पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा आली, १९६९ मधे महाराष्ट्रात माथाडी (हमाल कामगारांसाठीचा) कायदा झाला, हळूहळू पन्नासचा कट्टा रुळला, युरियाची गोणी तर २०१८ पासून ४५ किलोची. म्हणून दोनशे किलोचं डिझाइन करून मिरवण्यात काही अर्थ नाही, एका वेळी एक कट्टा धरा.

यंदा ज्युनिअर ग्रुपनं कैची काढूनच टाकली. खाली जमिनीला टेकणारी सहा एमएमची पाटी, उभे दोन चॅनल, हातानं फिरवायची विंच (दोर गुंडाळून वजन वर ओढणारी चरखी), मागे जुन्या स्कूटरची चाकं. कट्टा तिरपा करून पाटीवर सरकवतात. वर्कशॉपच्या फरशीवर मस्त चालते, यार्डातल्या चिखलात अजून नेली नाही.