एमटीबी (माउंटन बाइक) रिले (२४ तासांची डोंगरी सायकल शर्यत)

डोंगरातल्या ठरलेल्या ट्रॅकवर एकाच टीमचे लोक पाळीपाळीने लॅप मारत राहतात आणि वेळ संपेपर्यंत ज्यांचे लॅप जास्त ती टीम जिंकते, अशी ही शर्यत. ६ आणि १२ तासांच्याही होतात पण खरी ओळख २४ तासांचीच. टीम बहुतेक वेळा चौघांची, आणि ट्रॅकवर एका वेळी एकच जण. नोकरी सांभाळून सायकल चालवणाऱ्यांना झेपेल अशी लांब पल्ल्याची शर्यत म्हणून हिच्यात हौशी टीमचा भरणा जास्त. यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या, जागतिक स्पर्धेत १९९९ पासून जी टीम रिले आहे ती वेगळी, तिच्यात प्रत्येकाचा एकच लॅप असतो आणि नावामुळे उगाच गल्लत होते.

सुरुवात साधारण १९९२ ची धरतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात लेअर्ड नाइट यांनी भरवलेली '२४ अवर्स ऑफ कनेन' ही पहिली, आणि हे साल मानायला हरकत नाही. वाद आहे तो कल्पना आली कुठून यावर. फ्रान्सच्या ल माँमध्ये १९२३ पासून २४ तासांची मोटार शर्यत होते, तिथे ड्रायव्हर पळत जाऊन गाडीत बसायचे, आणि एमटीबी रिलेतही पहिला गडी आधी थोडं अंतर धावतो मग सायकल उचलतो म्हणजे सुरुवातीलाच अरुंद वाटेवर गर्दी होत नाही. त्यामुळे बरेच जण मूळ तिथलंच मानतात. पण ल माँत गाडी तीच राहते आणि माणूस बदलतो, इथे माणूस आणि सायकल दोन्ही बदलतात. म्हणून न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या ट्रॅक शर्यतींचं मूळ जास्त पटतं. १८९० च्या दशकात तिथे एकटा माणूस दिवसरात्र सायकल मारायचा, थकव्याने भास व्हायला लागायचे, शेवटी १८९९ च्या सुमारास कायदा आला की एकाने दिवसाला १२ तासांच्या वर चालवायची नाही. मग आयोजकांनी दोघांच्या जोड्या केल्या, शर्यत चोवीस तास चालूच राहिली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हे घडलं म्हणून त्या प्रकाराचं नावच मॅडिसन पडलं. माणसाला विश्रांती पण टीमला नाही, हे सूत्र तिथलंच आहे आणि रिलेचा जीवही तोच. धावत सुरुवात करणं ही नंतर उचललेली पद्धत वाटते.

बदली होते ती तंबूतल्या ठरलेल्या जागी, बॅटन हातात देऊन किंवा पायाला बांधलेली चिप काढून देऊन. हौशी टीम वेळ घालवते ती इथेच. लॅप सव्वा तासाचा धरला तर चौघांत मधे पावणेचार तास मिळतात, पण त्यातच खाणं, कपडे बदलणं, चेन पुसून तेल घालणं, पुढच्या पाळीआधी वेळेत उभं राहणं, म्हणजे झोप जेमतेम दीड-दोन तास. म्हणून रात्री डबल लॅप लावतात, एकाने सलग दोन मारायचे म्हणजे बाकीच्यांना नीट पाठ टेकता येते. दुसऱ्या लॅपला वेग पडतो हे खरं, तरी नवख्या टीमने हेच करावं. अंधारात दोन लाइट लागतात, एक हँडलला आणि एक हेल्मेटला, कारण हँडलचा लाइट सरळ पडतो आणि वळणावर नजर जिथे जाते तिथे उजेड हेल्मेटचाच.

महाराष्ट्रात रिलेची सवय रोडवरच्या शर्यतींतून आली, पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगरला टीम गट आहेत आणि नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे जवळपास ४,८०० किमी, दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. तिथे ट्रॅक गोल नसतो आणि मागे गाडी असते, एवढा फरक.

ठाणे आणि नवी मुंबईतल्यांची अडचण अंगातल्या दमाची नाही, जागेची आहे. ठाण्यातला येऊरचा डोंगर अगदी दाराशी आहे, उपवन तलावावरून चढ लागतो, पण तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, डांबरी सोडून पायवाटेवर सायकल घालायची तर वनखात्याची परवानगी हवी आणि बिबट्याचा वावर असलेल्या जंगलात रात्रीचा लॅप नकोच. पारसिक हिल आणि खारघरच्या टेकडीचा रस्ता चढाच्या सरावाला उत्तम, पाम बीच रोड मात्र दिव्यांनी उजळलेला आणि सपाट, तिथे रात्री कितीही फिरलं तरी अंधाराची सवय लागत नाही. पावसाळ्यात मुरूम चेनमध्ये आणि ब्रेक पॅडमध्ये जातो, पॅड भराभर झिजतात, बेसॉल्टच्या ओल्या दगडावर टायर धरत नाही, म्हणून जास्तीचे पॅड आणि डेरेलर हँगर (मागची गिअर यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) पिशवीत असलेच पाहिजेत. बदलीच्या सरावाला डोंगर लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो, दम लागलेला असताना करायचा एवढंच, म्हणजे आधी जिना दोनदा चढून यायचं आणि मग बॅटन द्यायचं.