लिगेतीचा अंधार, पार्टचा अंधार

संथ लय, लॅटिन शब्द, वाद्यं नाहीत किंवा मोजकीच, आणि मागे मोठ्या चर्चचा घुमारा. गेल्या साठेक वर्षांतलं गंभीर कोरल (समूहगानाचं) संगीत नव्याने ऐकायला घेतलं की सुरुवातीला सगळं एकाच काळोखातून आल्यासारखं वाटतं. म्हणूनच हंगेरियन संगीतकार जॉर्जी लिगेतीची ‘लुक्स एटर्ना’ (1966) आणि एस्टोनियन संगीतकार आर्वो पार्टची ‘दे प्रोफुंदिस’ (1980) एकाच यादीत शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही रचना अंगावर काटा आणतात, पण पहिल्या काट्यात भय असतं आणि दुसऱ्यात शोक. हा फरक ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीवर सोडून द्यायची गरज नाही. तो सुरांच्या मांडणीतच आहे आणि कानाला शिकवता येतो.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे षड्ज. रचना मध्येच थांबवा आणि ‘घरचा’ वाटेल तो सूर गुणगुणा. अर्ध्या मिनिटाने पुन्हा थांबवून तोच सूर लावून पाहा. पार्टमध्ये तो बहुतेक वेळा तिथेच सापडतो. लिगेतीमध्ये मुळात कोणता सूर धरावा हेच ठरत नाही, आणि ठरवलाच तर तेवढ्या वेळात तो केव्हाच विरघळलेला असतो.

‘लुक्स एटर्ना’ 16 स्वतंत्र आवाजांसाठी आहे: सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) प्रत्येकी चार. सुरुवातीला स्त्रियांचे आठ आवाज एकाच सुरावर, मध्य सप्तकातल्या एफवर, एकामागोमाग येतात. सगळ्यांची सुरावट एकच आणि शब्दही तेच, पण प्रत्येकीची चाल वेगळी. कुणी ठोक्याचे चार भाग करते, कुणी पाच, कुणी सहा. त्यामुळे दोन आवाज एकाच क्षणी सूर बदलतात असं जवळजवळ होतच नाही. एकीने पुढचा सूर घेतलेला असतो तेव्हा बाकीच्या मागच्याच सुरावर असतात, आणि एका सुराचा हळूहळू अर्धस्वरांचा पुंजका होतो. याला मायक्रोपॉलिफोनी म्हणतात. कागदावर तो काटेकोर कॅनन आहे, म्हणजे एकच सुरावट एकामागोमाग अनेक आवाजांत, पण कानाला त्यातला एकही आवाज सुटा ऐकू येत नाही.

भय येतं ते इथून. एरवी गाणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो, शब्दाची सुरुवात कळते, ठेका कळतो. लिगेतीने या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या आहेत. प्रवेश कुणाला कळू नये इतका हलका, बारच्या (मात्रांच्या एका गटाच्या) पहिल्या मात्रेवर जोर नाही, अक्षरं एकमेकांवर पसरलेली. आवाज माणसांचाच असतो, पण माणूस कुठेच दिसत नाही. त्याच्याच ‘रेक्विएम’च्या (मृतांसाठीची प्रार्थना, 1965) ‘किरिए’ या दयायाचनेच्या भागात हेच तंत्र 20 आवाजांत पसरलंय आणि त्यात ऑर्केस्ट्राही आहे, त्यामुळे तिथे हा परिणाम फार मोठा होतो. स्टॅन्ली कुब्रिकने 1968 साली ‘2001: अ स्पेस ओडिसी’मध्ये दोन्ही रचना वापरल्या, आणि तेव्हापासून हा आवाज अज्ञाताच्या भीतीशी कायमचा जोडला गेला. पण ‘लुक्स एटर्ना’चे शब्द मृतांसाठी चिरंतन प्रकाश मागणारे आहेत, हे विसरू नये. लिगेतीचे वडील आणि भाऊ नात्सी छळछावण्यांत मेले. ते माहीत असेल तर ही प्रार्थना इतक्या दुरून का येते, याचा वेगळाच अर्थ लागतो.

पार्टचा रस्ता उलटा. 1968 नंतर त्याने बरीच वर्षं फार थोडं लिहिलं आणि 1976 साली तो एक अगदी साधी पद्धत घेऊन परतला: टिंटिनाबुली. दोन आवाज असतात. एक सुरावटीचा, जो शक्यतो शेजारच्या सुरावरच पाऊल टाकतो. दुसरा त्रिसुराचा, ज्याला मूळ कॉर्डचे (एकत्र लागणाऱ्या सुरांच्या जुळणीचे) तीनच सूर गायची परवानगी. मायनर स्केल आपल्या सरगमीत लिहिली तर सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नि. दुसऱ्या आवाजाकडे फक्त सा, कोमल ग आणि प.

आता नियम असा धरा की दुसऱ्या आवाजाने सुरावटीच्या वरचा सगळ्यात जवळचा त्रिसूर घ्यायचा. सुरावट सा वर असेल तर वर कोमल ग, गोड. रे वर आली की वर पुन्हा कोमल गच, आणि आता दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर. म वर आली की वर प, पूर्ण स्वराचं घर्षण. कोमल ध वर आली की वरचा सा, एकदम मोकळं. नियम उलटा करून खालचा जवळचा सूर घेतला तर काटा रे वरून कोमल ध वर सरकतो, कारण त्याच्या खाली प चिकटून बसतो. म्हणजे कुठे टोचणार आणि कुठे सुटणार हे नियमातूनच ठरतं. पार्ट त्या जागी शब्द आणून ठेवतो.

गंमत अशी की घर्षणाचा कच्चा माल दोन्हीकडे एकच असतो. ए मायनरमध्ये कोमल ध आणि प म्हणजे एफ आणि ई. मध्य सप्तकात त्यांची कंपनं साधारण 349 आणि 330. फरक सेकंदाला 20 च्या आसपास, आणि तोच कानाला खरखर म्हणून जाणवतो. लिगेतीमध्ये ही खरखर कुठे सुरू झाली ते कळत नाही आणि ती सुटतही नाही, तिच्यात फक्त आणखी सूर मिसळत जातात. पार्टमध्ये ती एका अक्षरापुरती येते, तीही न हलणाऱ्या त्रिसुराशेजारी. घर दिसत असताना त्याच्यापासून दूर असणं म्हणजे शोक, आणि पार्टचा दुसरा आवाज ते घर सतत दाखवत राहतो. ‘दे प्रोफुंदिस’ खोल बासच्या सुरांपासून वर चढत जाते, सोबत फक्त ऑर्गन आणि तालवाद्यं. पार्टने सोव्हिएत एस्टोनिया सोडला त्याच वर्षातली ती रचना.

सगळ्यात जास्त फसवतो तो पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की. त्याच्या ‘मिझेरेरे’मध्ये (1981, आठ आवाज, वाद्यांची साथ नाही) खालच्या बासपासून एकेक आवाज वाढत जातो, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत ती लिगेतीच्या घराण्यातली वाटते. षड्जाची चाचणी लावली की लगेच कळतं, ती पार्टच्या बाजूची आहे. सूर एकाच स्केलचे आणि पाया पक्का. पोलंडमध्ये बिदगोश्चला ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली, त्यानंतर ती लिहिली गेली. अर्ध्या तासाहून लांब रचनेत जवळजवळ सगळा वेळ ‘प्रभू, आमच्या देवा’ एवढंच म्हटलं जातं, ‘आमच्यावर दया कर’ हे शब्द अगदी शेवटी येतात. इतका वेळ रोखून धरलेली याचना ऐकताना रडू येतं, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरा पोलिश संगीतकार क्षिश्तोफ पेंडेरेत्स्की, त्याचं ‘सेंट ल्यूक पॅशन’ (ख्रिस्ताच्या यातनांची कथा, 1966) दोन्ही बाजूंना आहे. त्यातले बरेचसे पुंजके लिगेतीहूनही खडबडीत, आणि शेवट मात्र झगझगीत ई मेजर कॉर्डवर.

गाताना दोन्हीकडे चुका वेगळ्या होतात. तयारीच्या आवाजाचा व्हायब्रेटो (सुराचा कंप) वर-खाली मिळून सहज अर्ध्या स्वराएवढा पसरतो. लिगेतीमध्ये शेजारच्या दोन आवाजांतलं अंतरच तेवढं असतं, त्यामुळे पुंजक्याचा चिखल होतो. आवाज सरळ ठेवायलाच हवा. दुसरी चूक शब्द ठासून म्हणण्याची. एकीने जरी व्यंजन जोरात टाकलं तरी सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं आणि जादू संपते. प्रत्येक आवाजाला एकच गायक असल्याने दम शेजाऱ्याच्या आड लपवता येत नाही. दम कुठे घ्यायचा ते आधी ठरवून, आवाज विरवून मगच घ्यावा. शेवटचे सात बार निव्वळ शांततेचे आहेत, तेही मोजायचे.

पार्टमध्ये पहिला बळी त्रिसुराच्या आवाजाचा जातो. ‘तीनच तर सूर आहेत’ म्हणून तो भाग कच्च्या गायकांना दिला जातो, ते हळूहळू उतरतात, आणि मग सुरावटीला टेकायला काही उरत नाही. सगळ्यात पक्के कान तिथे ठेवावेत. वाक्यांमधले विराम पूर्ण धरावेत. ते आखडते घेतले की रचना सपाट स्तोत्रपठणासारखी होते. भाव ‘घालायचा’ मोहही टाळावा. आवाज दाटून आला की रे आणि कोमल ग मधलं अंतर बिघडतं, आणि टोचायला हवं तिथे नुसतं बेसूर ऐकू येतं.

ऐकणाऱ्यांनी हे संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. खालचा बास त्यातून नीट येतच नाही. लिगेती तेवढ्यात निभावून जाईल, पण पार्ट आणि गुरेत्स्की ज्या सुरावर उभे आहेत तोच गायब होईल. आवाजाची पातळी रचनेतल्या सगळ्यात मोठ्या जागेवर लावून घ्या आणि मग सुरुवातीला या. ‘लुक्स एटर्ना’चा पहिला सूर जेमतेम ऐकू येईल, आणि तो तसाच लिहिलेला आहे.