बागेतली जुनी लोखंडी खेळणी

घसरगुंडी, झोपाळा, सी-सॉ, गोल फिरणारी चक्री (मेरी गो राउंड म्हणा हवं तर) आणि पाइपांची ती जाळी जिला जंगल जिम म्हणतात, ही सगळी गँग म्हणजे बागेतली जुनी खेळणी. लोखंडी म्हणायचं पण यात सिमेंटचा हत्तीसुद्धा धरायचा, शेपटीकडच्या पायऱ्यांनी चढायचं आणि सोंडेवरून खाली यायचं तो. १९८०च्या आसपासपासून अमेरिका-युरोपात आणि मग हळूहळू आपल्याकडेही यातली बरीच खेळणी धोकादायक म्हणून निघायला लागली, त्यांच्या जागी फायबरची रंगीत मल्टिप्ले (घसरगुंडी, जिना, नळ्या सगळं एकत्र जोडलेलं खेळणं) आली, आणि तेव्हापासून वाद चालू आहे की पोरं वाचली की पोरांची मजा गेली. वाद जरा चुकीच्या जागी अडकलाय. मजा येते ती उंची, वेग आणि गरगर यांची, आणि घात करतात त्या बहुतेक वेळा भलत्याच गोष्टी, म्हणजे खालची जमीन, कुठलीतरी पाच इंचांची फट, नाहीतर मे महिन्यात तापलेला पत्रा.

कुठून आली ही खेळणी

झोका कुणी शोधला हे विचारण्यात अर्थ नाही. नागपंचमीला झाडाच्या फांदीला दोर टाकून बायका उभ्याने झोके घ्यायच्या तेव्हा खाली ना रेती ना रबर, आणि सूरपारंब्यात वडाला लोंबकळणारी पोरं म्हणजे बिनलोखंडाचं जंगल जिमच. कारखान्यात बनलेली खेळणी मात्र साधारण शंभर वर्षांपूर्वीची. इंग्लंडमध्ये केटरिंगला चार्ल्स विकस्टीड नावाच्या इंजिनिअर-कारखानदाराने १९२१ मध्ये मोठं पार्क उघडलं आणि त्याच्याच कारखान्यातून झोपाळे, घसरगुंड्या बाहेर पडायला लागल्या. सुरुवातीची घसरगुंडी म्हणजे तिरकी लावलेली लाकडी फळी, बस.

जंगल जिमची गोष्ट जास्त मजेशीर आहे. शिकागोतला पेटंट वकील सेबॅस्टियन हिंटन याने १९२० मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण मूळ आयडिया त्याच्या वडिलांची. वडील चार्ल्स हिंटन गणितज्ञ, चौथ्या मितीच्या मागे लागलेले, जपानमध्ये राहत असताना त्यांनी बांबूंची चौकटच चौकट असलेली जाळी उभी केली, अशासाठी की पोरांना लांबी-रुंदी-उंची अंगात भिनावी. ते आकडे ओरडणार आणि पोरांनी त्या त्या बिंदूवर धावत जायचं. पोरांनी काय लक्षात ठेवलं तर चढायला आणि माकडासारखं लटकायला मजा येते एवढंच, चौथी मिती राहिली बाजूला. पहिली जाळी शिकागोजवळच्या विनेट्काच्या शाळेत उभी राहिली.

तिसरा धागा डेन्मार्कचा. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात सोरेन्सेन या लँडस्केप आर्किटेक्टच्या कल्पनेतून भंगाराचं मैदान सुरू झालं. त्याने बागा आखलेल्याच होत्या पण पोरं तिथे न खेळता बांधकामाच्या राड्यात जाऊन खेळतात हे त्याने बघितलं होतं. मग फळकुटं, विटा, टायर, खिळे-हातोडी असं सगळं दिलं आणि सोबत एक जाणता माणूस कायम हजर ठेवला. हा माणूस लोक विसरतात, मैदानाचे फोटो बघून नुसतं भंगार लक्षात राहतं. १९४६ मध्ये लेडी अ‍ॅलन नावाच्या इंग्लिश बाईंनी हे बघितलं आणि बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या ब्रिटनमधल्या जागांवर तशीच मैदानं सुरू व्हावीत म्हणून त्या मागे लागल्या.

मजा नेमकी कशात

चक्रीचं बघा. एक जण बाहेरून दांडा धरून पळतो, पळता पळता उडी मारून वर चढतो, बाकीचे 'अजून जोरात' म्हणून बोंबलतात. कडेला बसलेल्याला वाटतं कुणीतरी शर्ट धरून बाहेर ओढतंय, बोटं पांढरी पडतात, आणि एखादा शहाणा दांड्याला धरून सरकत सरकत मधल्या खांबाशी जातो तर तिथे एकदम शांत, फक्त आभाळ फिरतंय. वेग दुप्पट झाला की बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. आणि कडेचे सगळे एकदम आत सरकले तर चक्री न ढकलता आपोआप जोरात फिरते, हात जवळ घेऊन गिरकी मारणाऱ्या नाचणाऱ्यासारखी. हे पुस्तकात फार नंतर येतं, पोटाला आधीच कळलेलं असतं.

सी-सॉवर जाडा मध्याकडे सरकतो आणि बारका टोकाला जातो, न सांगता कळतं. दगाबाजीही इथेच शिकतात, समोरचा मध्येच उतरला की धपकन आपलं माकडहाड. यावर जुना उपाय म्हणजे बसायच्या जागेखाली अर्धा टायर जमिनीत पुरायचा. मला हा उपाय फार आवडतो कारण त्याने मार वाचतो आणि मजा कमी होण्याऐवजी वाढते, टायरवरून उसळी मिळते ना. चांगली सुरक्षितता ओळखायची खूण हीच धरली तरी चालेल.

घसरगुंडीवर पोरं स्वतःच प्रयोग करतात. पोतं घेऊन बसणं, मेणबत्ती घासणं, पालथं डोकं खाली करून येणं, उलटं चढणं. उलटं चढू नकोस म्हणून ओरडणारं एक तरी माणूस प्रत्येक बागेत असतंच.

पडणं आणि जमीन

खेळण्यांवरच्या दुखापतींमध्ये पडणं सगळ्यात वर आहे. २ मीटरवरून पडलेलं मूल जमिनीला टेकतं तेव्हा वेग ताशी २२ किलोमीटरच्या थोडा पुढे असतो, ३ मीटरवरून साधारण २८. पण हाड मोडतं ते नुसत्या वेगाने नाही, किती अंतरात थांबलं त्याने. २ मीटर पडून काँक्रीटवर १ सेंटिमीटरात थांबलं तर सरासरी झटका शरीराच्या वजनाच्या २०० पट, आणि तेच मूल सैल थरात १० सेंटिमीटर रुतून थांबलं तर २० पट. खेळणं तेच, उंची तीच, मजा तीच, फक्त खाली काय आहे त्याचा हा फरक.

अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या, म्हणजे वस्तूंची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या पुस्तिकेत याचे आकडे दिलेत. ९ इंच रेती साधारण ४ फुटांवरून पडण्यापुरती, ९ इंच लाकडाच्या चिपा मात्र १० फुटांपर्यंत चालतात. म्हणजे रेती आपल्याला वाटते तेवढी मऊ नाही. त्यात आपल्याकडे एका पावसाळ्यात ती दबून घट्ट होते, मांजरं तिचा संडास करतात, नेमकी झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पायांनी उडून खड्डा पडतो, म्हणून फावड्याने उपसून सैल करत राहावी लागते आणि वरून भर टाकावी लागते, आणि हे काम कुणाच्याच यादीत नसतं. रबरी फ्लोअरिंग चांगलं पण महाग, शिवाय उन्हात तेही तापतं. आणि सोसायट्यांमध्ये तर खेळण्यांखाली सर्रास पेव्हर ब्लॉक. दिसायला स्वच्छ, पडायला सगळ्यात वाईट.

न दिसणारे धोके

उंची मुलाला दिसते, भीती वाटते, ते दांडा घट्ट धरतं. फट दिसत नाही. साधारण साडेतीन ते नऊ इंचांची फट सगळ्यात वाईट, कारण लहान मूल पाय पुढे टाकून त्यातून घसरतं, धड निघून जातं आणि डोकं अडकतं. म्हणून कठड्याच्या गजांमध्ये एक तर त्यापेक्षा कमी जागा हवी नाहीतर त्यापेक्षा जास्त, मधली नको. जुन्या जंगल जिमचा प्रॉब्लेमही उंचीपेक्षा आतल्या दांड्यांचा, वरून निसटलेलं मूल जमिनीवर पडायच्या आधी दोन-तीन पाइपांवर आपटत येतं.

झोपाळ्यावर बसलेल्यापेक्षा समोरून चाललेल्याला धोका जास्त. पूर्वी पाट लाकडाचा किंवा लोखंडाचा, कुठे कुठे हत्ती-घोड्याच्या आकाराचा जड लोखंडी, तो येऊन दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर आदळतो. रबरी पट्ट्याची सीट आली आणि हा धोका खूप कमी झाला, झोका तेवढाच उंच जातो. हा बदल कुणालाच टोचला नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेक आईबाबांना माहीत नसते. लहान बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणं सुरक्षित वाटतं, पण बाळाचा बूट बाजूच्या कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन मागून येतच राहतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं आलं असतं तर पाय अडकून तिथेच थांबलं असतं.

बाकी मग ओढणी, गळ्यातली दोरी, टोपीची नाडी हे सगळं घसरगुंडीच्या वरच्या टोकाला अडकतं. उन्हात पत्र्याने भाजतं, यावर खरं तर एक झाड पुरतं किंवा घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून लावली तरी बराच फरक पडतो. आणि रंग, जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा ऑइल पेंट. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६च्या नियमांनी आली, त्यामुळे खालच्या थरांत शिसं असू शकतं आणि पोपडे निघाले की ते बोटांवरून तोंडात जातं.

खेळणी निघाली तेव्हा

अमेरिकन कमिशनची पहिली पुस्तिका १९८१ची, युरोपचं बागेतल्या खेळण्यांचं ईएन ११७६ हे स्टँडर्ड १९९८चं. दोन्हीत बरंच शहाणपण आहे, पण अमेरिकेत कोर्टकचेऱ्या आणि भरपाईच्या भीतीने नगरपालिकांनी वाचून दुरुस्त करण्यापेक्षा उपटून टाकणं पसंत केलं. खांबाला साखळ्या लावून गोल गोल उडायचं जायंट स्ट्राइड गेलं, उंच घसरगुंड्या गेल्या, चक्र्या गेल्या. जी बुटकी फायबरची मल्टिप्ले आली त्यात चार वर्षांचं मूल रमतं, दहा वर्षांचं पाच मिनिटांत कंटाळतं आणि मग बंद नळीच्या घसरगुंडीच्या आतून न येता तिच्या पाठीवर चढून बसतं, जिथे धरायला काही नसतं. प्लॅस्टिकवरून घसरताना केस उभे राहून चटका बसतो ती तेवढी नवीन मजा.

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार मांडले, उंची, वेग, धोकादायक हत्यारं, आग-पाण्याजवळचं, मस्ती-मारामारी आणि एकटं भटकणं. या थराराची थोडी थोडी सवय झाली की भीती आटोक्यात येते असं त्यांचं म्हणणं. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हनेसुद्धा २०१२ मध्ये स्पष्ट केलं की खेळातली जोखीम पार नाहीशी करणं हा उद्देशच नाही. सुरक्षेच्या सरकारी खात्याने असं म्हणावं हे विशेष.

आपल्याकडे

मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं बांधकाम, हे या सगळ्यातलं वेगळंच प्रकरण. ना तो फिरतो ना घसरतो, आतून अरुंद जिन्याने वर जायचं आणि वरून बघायचं, तरी पिढ्यान् पिढ्या मुलं त्यासाठी हट्ट करत आली. उंचीवर एकट्याने पोचल्याचा आनंद, तोही भक्कम भिंतींच्या आत.

बाकी ठिकाणी प्रश्न डिझाइनपेक्षा देखभालीचा. झोपाळ्याची वरची कडी झिजून अर्धी होते आणि खालून दिसतच नाही. हत्तीच्या सोंडेचं सिमेंट सुटून आतली सळई बाहेर येते. आणि अलीकडे बागेत ओपन जिम आलंय, ते मोठ्यांसाठी, पण खेळणी बंद असली की पोरं त्याच्यावरच लटकणार, सांध्यात बोटं घालणार.

आमच्या इथल्या बागेतली चक्री करकरायला लागली होती, खालचं बेअरिंग गेलेलं, नवीन बसवून ग्रीस मारलं असतं तर चालली असती. कुणाच्या तरी बोटाला लागलं म्हणून वेल्डिंग मारून कायमची जाम केली. आता पोरं तिच्या वरच्या कड्यावर उभी राहून हात पसरून चालतात, जो पूर्ण गोल करेल तो राजा, आणि खाली पेव्हर ब्लॉक.