‘वरीलपैकी कोणीही नाही’ : एका बटणाची पार्श्वभूमी

निवडणूक लागली की तोच प्रश्न कानावर येतो. एकही पक्ष पटत नाही, मग मतदानाला जायचं कशाला? कुणीतरी ‘नोटा आहे की’ म्हणतं, दुसरा ‘नोटानं काय होतं’ म्हणून विषय संपवतो. ही दोन्ही उत्तरं कुठून आली हे पाहायचं तर यंत्रावर नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आलं त्या २०१३ च्या जरा मागे जावं लागतं, आणि २०१८ साली महाराष्ट्रात निघालेल्या एका आदेशापाशी बराच वेळ थांबावं लागतं.

अगदी जुना काळ थोडक्यात सांगून टाकतो. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची होती. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली. चिडलेला मतदार मग दोन चिन्हांवर शिक्के मारायचा, कधी कागदावर चार शब्द लिहून ठेवायचा. मोजणीत ते मत ‘बाद’ ठरायचं. ज्याचा हात चुकला तोही बाद आणि ज्यानं ठरवून नाकारलं तोही बाद. दोघांचा गठ्ठा एकच, त्यामुळे नकार किती आणि चूक किती हे कधी कळलंच नाही. मतपत्रिका न वापरता केंद्राध्यक्षांकडे परत करायची सोय नियमांत होती, पण ती फारशी कुणाला माहीत नव्हती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं मतदानाच्या हक्काची व्याख्या करताना मत देणं आणि मत देण्यापासून दूर राहणं ही दोन्ही एकाच वाक्यात बसवली आहेत. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ त्या वाक्यात आहे.

मतदान यंत्रांसाठी नियम झाले तेव्हा १९६१ च्या निवडणूक नियमांत ‘४९-ओ’ हा नवा नियम आला. नोंदवहीत सही केल्यावर एखाद्यानं मत द्यायचं नाही असं ठरवलं, तर नावासमोर तसा शेरा लिहायचा आणि त्याखाली पुन्हा त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, असा तो नियम. कागदावर सरळ वाटतो. प्रत्यक्षात काय व्हायचं ते मी पाहिलं आहे.

२००९ च्या विधानसभेला माझी ड्यूटी एका जिल्हा परिषद शाळेतल्या केंद्रावर होती. दुपारी तीनच्या सुमारास पन्नाशीच्या एक बाई आल्या. यादीत नाव सापडलं, शाई लागली, सही झाली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “मला कुणालाच मत द्यायचं नाही. तसं लिहून घ्या.” केंद्राध्यक्ष हस्तपुस्तिका चाळायला लागले. भिंतीलगतच्या बाकावर तीन पक्षांचे पोलिंग एजंट बसले होते, तिघेही गावातलेच. एकानं मान वर करून विचारलं, “काय वहिनी, आमच्यावर एवढा राग?” बाई काही बोलल्या नाहीत. शेरा लिहिला गेला, त्यांनी सही केली आणि त्या गेल्या. तिघांनीही आपापल्या यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली. संध्याकाळी हिशेबाचा नमुना १७-सी भरताना तिसऱ्या ओळीत, जिथं ‘मत न देण्याचं ठरवलेले मतदार’ लिहायचे असतात, तिथं आम्ही १ लिहिला. यंत्रात त्यांच्या नकाराची खूण नव्हती आणि निकालाच्या पत्रकात त्याला जागाच नव्हती. सगळ्या गावाला मात्र तो रात्रीपर्यंत ठाऊक झाला असणार.

त्याच सुमारास ४९-ओ बद्दल एक ईमेल देशभर फिरत होता. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राजकारण्यांवरचा राग टोकाला गेला होता. विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा ४९-ओ वाले जास्त निघाले तर निवडणूक रद्द होते आणि त्या उमेदवारांना पुन्हा उभं राहता येत नाही, असं त्यात ठोकून दिलं होतं. नियमात यातलं एक अक्षरही नव्हतं. लोकांनी विश्वास ठेवला, कारण असं असायला हवं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. एवढ्या संतापानंतरही २००९ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत मतदान ४० टक्क्यांच्या आसपासच झालं. राग आला म्हणून घरी बसलेल्या माणसाला कुठल्याच नोंदवहीत ओळ नसते, आणि घरी बसलेले सगळे रागावूनच बसले होते असंही कुणाला म्हणता येत नाही. मतदानाला जावं असं मला वाटतं ते मुख्यतः यामुळे.

बटणाची मागणी तोवर जुनी झाली होती. निवडणूक आयोगानं २००१ मध्ये सरकारला तसं कळवलं होतं, २००४ च्या सुधारणांच्या यादीतही ती मागणी होती. सरकारनं काही केलं नाही. २००४ मध्येच एक नागरी हक्क संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण २००९ मध्ये मोठ्या पीठाकडे गेलं आणि २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल लागला: यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असं बटण द्या.

तो निकाल काय होता आणि काय समजला गेला, यात मोठं अंतर आहे. न्यायालयापुढचा मुख्य मुद्दा गुप्ततेचा होता. मत देणाऱ्याचं मत गुप्त राहतं, मग न देणाऱ्याचा नकार उघड का व्हावा? म्हणजे बाकावरच्या त्या एजंटाचा प्रश्नच कुणाला विचारता येऊ नये, असं न्यायालयाचं म्हणणं. नकाराचे आकडे वाढले की पक्ष हळूहळू चांगले उमेदवार देतील, अशी आशाही निकालात आहे. निवडणूक रद्द करण्याबद्दल मात्र त्यात आदेश नाही. तरीही आपल्याकडे बातमीत शब्द पडला ‘नकाराधिकार’, आणि तो आजवर चिकटून बसला आहे. मराठीत हा शब्द आपण सुरक्षा परिषदेतल्या व्हेटोसाठी वापरत आलो. एकानं हात वर केला की ठराव पडतो, तो नकाराधिकार. नोटानं काहीच पडत नाही. आयोगानं २०१३ च्या ऑक्टोबरमध्येच स्पष्ट केलं की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे असेल तोच निवडून येईल. ज्या मतदाराला आपल्या हाती नकाराधिकार आला असं सांगितलं गेलं, तो एक-दोन निवडणुकांनंतर ‘नोटानं काय होतं’ म्हणू लागला यात नवल नाही. त्याला शब्दानंच फसवलं होतं. ४९-ओ, दुसरीकडे, अजूनही नियमांत आहे, हे बहुतेकांच्या लक्षात नसतं.

आकडे मोठे नाहीत. २०१४ च्या लोकसभेत नोटाला देशभरात सुमारे ६० लाख मतं पडली, २०१९ मध्ये ६५ लाखांच्या आसपास, २०२४ मध्ये ६४ लाखांच्या जवळ. तिन्ही वेळा प्रमाण एक टक्क्याच्या आगेमागे. मात्र काही ठिकाणी आकडा एकदम उसळी घेतो, आणि त्या जागा नीट पाहण्यासारख्या आहेत.

२०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये विजयी उमेदवाराला १ लाख ३५ हजार मतं होती आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा, जवळपास साडेसत्तावीस हजार. पलूस-कडेगावमध्येही दुसरा नोटाच, वीस हजारांवर. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत मतदानच ३१.७४ टक्के झालं. विजयी उमेदवाराला ६६,५३० आणि नोटाला १२,८०६. लातूर आणि पलूसमध्ये युतीच्या वाटपात जागा एका मित्रपक्षाला गेली आणि दुसऱ्याच्या कार्यकर्त्यांना ते रुचलं नाही. अंधेरीत एका मोठ्या पक्षानं उमेदवारच मागे घेतला, आणि नोटासाठी पैसे वाटले जात असल्याचा आरोपही झाला. २०२४ मध्ये इंदूरला तर विरोधी उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतल्यावर त्याच्या पक्षानं नोटासाठी उघड प्रचार केला आणि २ लाख १८ हजारांवर मतं नोटाला गेली. म्हणजे नोटाचे हे सगळ्यात मोठे आकडे ज्यांना कुठलाच पक्ष पटत नाही त्यांचे नाहीत. ज्यांना पक्ष पटतो पण तो यंत्रावर दिसत नाही, त्यांचे ते आहेत. खरोखर निराश झालेला मतदार त्या देशव्यापी एक टक्क्यात विखुरलेला आहे.

गावपातळीवर चित्र वेगळं दिसतं, आणि २०१८ चा आदेश तिथून निघतो. राज्य निवडणूक आयोगानं आधीच्या ग्रामपंचायत निवडणुका तपासल्या तेव्हा काही निकाल विचित्र निघाले. पुणे जिल्ह्यातल्या मानकरवाडीत ३३० पैकी २०४ मतं नोटाला. लांजा तालुक्यातल्या खावडीत ४४१ वैध मतांपैकी नोटाला २१० आणि सरपंच झालेल्या उमेदवाराला १३०. चारशे-पाचशे मतांच्या गावात नोटा दाबणारा माणूस उमेदवाराला नुसता ओळखत नाही, त्याच्या बांधाचा शेजारी असतो. तिथले २१० नकार विचारपूर्वक दिलेले असतात. तरीही १३० वाला सरपंच झाला.

६ नोव्हेंबर २०१८ रोजी आयोगानं आदेश काढला. महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत नोटाला सर्वाधिक वैध मतं मिळाली तर त्या जागेची निवडणूक रद्द करून नव्यानं घ्यायची. देशात पहिल्यांदाच नोटाला निकाल बदलण्याची ताकद मिळाली. लोकसभा-विधानसभेचा आयोग वेगळा आणि स्थानिक संस्थांचा वेगळा, म्हणून हे शक्य झालं.

वाद लगेच सुरू झाला आणि माझ्या मते तो एका शब्दाभोवती फिरतो. तो शब्द म्हणजे ‘वैध’. विधानसभेला अनामत रक्कम वाचवायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात. ती बेरीज करताना नोटा धरत नाहीत. म्हणजे तिथं नोटा वैध मतांत बसत नाही. राज्याच्या आदेशात तेच मत ‘सर्वाधिक वैध मतं’ म्हणून मोजलं जातं आणि निवडणूक रद्द करू शकतं. एकाच मतदारानं, कदाचित त्याच शाळेच्या त्याच खोलीत, काही महिन्यांच्या अंतरानं दाबलेलं तेच बटण एकदा मत असतं आणि एकदा नसतं. आदेशाचे टीकाकार म्हणतात की कायदा न बदलता आयोगानं एवढी मोठी उडी घ्यायला नको होती. टीकेत तथ्य आहे. पण विधिमंडळ आणि संसद यांनी या प्रश्नाला हात लावायचं टाळलं, तेव्हा कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं होतं, आणि ते आपल्या राज्यात पडलं याचा मला अभिमान वाटतो.

आदेशातली खरी उणीव दुसरी आहे. नोटापुढे हरलेल्या उमेदवारांना नव्या निवडणुकीत उभं राहायला त्यात बंदी नाही. तीच माणसं, तीच चिन्हं, खर्च मात्र पुन्हा. हरियाणाच्या राज्य आयोगानं त्याच महिन्यात आदेश काढताना ही फट बुजवली. नोटा म्हणजे ‘काल्पनिक उमेदवार’ मानायचा, त्याच्यापेक्षा कमी मतं मिळालेल्यांना फेरनिवडणुकीत अर्ज भरता येणार नाही. तिथंही दुसऱ्या फेरीत नोटा पुन्हा पुढे राहिला तर त्याच्या खालचा निवडून येतो, कारण गाडी कुठेतरी थांबवावीच लागते. ‘काल्पनिक उमेदवार’ हा शब्द तेव्हापासून इतर राज्यांच्या चर्चेत शिरला आहे. केंद्रीय आयोगाची सर्वोच्च न्यायालयातली भूमिका याच्या उलट आहे. कायद्याच्या दृष्टीनं नोटा उमेदवार होऊच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ती भूमिका मांडावी लागली ती बिनविरोध निवडीवरून. २०२४ च्या लोकसभेत सुरतला बाकीचे सगळे उमेदवार गळाले आणि मतदान न होताच खासदार ठरला. जागा एक आणि उमेदवारही एकच उरला तर लगेच निवडून आल्याचं जाहीर करा, असं कायदाच सांगतो. त्या कलमाला आव्हान दिलं गेलं.

आपल्याकडे बिनविरोधचं कौतुक फार. गावात भांडण नको, खर्च नको, बक्षीसही मिळतं. त्याची दुसरी बाजू जानेवारी २०२१ मध्ये दिसली. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं सरपंचपदासाठी बोली लागल्याचं उघड झालं, उमराण्यात दोन कोटींवर, खोंडामळीत ४२ लाख. राज्य आयोगानं दोन्ही निवडणुका रद्द केल्या. मग १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांचं मतदान झालं, आणि त्याआधीच साठाहून अधिक जागा बिनविरोध ठरल्या होत्या. आमिष आणि दबावाचे आरोप झाले, आयोगानं अहवाल मागवले, आणि ‘एकच उमेदवार असला तरी नोटासमोर मतदान घ्या’ ही मागणी पुन्हा पुढे आली.

चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चारदा बटण दाबतो, प्रत्येक जागेच्या यादीखाली नोटा असतो. जी जागा बिनविरोध ठरते तिची मतपत्रिका यंत्रावर लागतच नाही, तेव्हा तिच्याखालचं नोटाचं बटणही नसतं. अशा प्रभागात ज्याला तो एकटा उमेदवार नको होता, तो रांगेत उभा राहिला, बोटाला शाई लावून घेतली, उरलेल्या तीन जागांसाठी मत देऊन बाहेर पडला. २००९ मध्ये त्या बाईंसाठी आम्ही तिसऱ्या ओळीत निदान १ लिहिला होता. याच्या नकारासाठी लिहायला ओळच नव्हती.