फाशीच्या खटल्यांतली शिक्षेवरची सुनावणी : पार्श्वभूमी

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फाशीपात्र गुन्ह्याला फाशी सोडून दुसरी शिक्षा दिली, तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९५५च्या दुरुस्तीने ती अट गेली. १९७३च्या संहितेने मामला पुरता उलटा केला. जन्मठेप हा नियम झाला, फाशीसाठी ‘विशेष कारणे’ लागू लागली आणि दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर वेगळी सुनावणी आली. आजचा घोळ आहे तो या सुनावणीचा.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी वैध ठरवली, ती याच तरतुदींच्या भरवशावर. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द तेव्हापासून प्रत्येक बातमीत येतात. त्याला जोडलेली अट मात्र क्वचितच छापून येते : जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बाद झालेला असला पाहिजे. आरोपी सुधारण्यापलीकडे आहे, हे पुराव्यानिशी दाखवायची जबाबदारीही सरकार पक्षावर टाकलेली आहे. गुन्हा कितीही क्रूर असो, निम्मी परीक्षा गुन्हेगाराची.

तीनच वर्षांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पाच कसोट्या दिल्या : गुन्ह्याची पद्धत, हेतू, समाजविघातक स्वरूप, व्याप्ती आणि बळी कोण. पाचही गुन्ह्याकडेच बोट दाखवणाऱ्या. शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितीला पूर्ण वजन द्या, असेही त्याच निकालात आहे. खालच्या न्यायालयांनी उचलल्या त्या कसोट्या आणि ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ हादरली, हे त्यातले शब्द. १९९६ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तर गुन्हेगार नव्हे, गुन्हाच पाहायचा असे म्हटले. हे घटनापीठाच्या निकालाशी विसंगत होते, असा स्पष्ट निर्वाळा यायला २००९ उजाडले. तोवर १९९६च्या निकालाच्या आधारावर आणखी काहींची फाशी कायम झाली होती.

सत्र न्यायालयात अनेकदा सकाळी दोषसिद्धी आणि दुपारी शिक्षा होते. बचावाचा वकील, बरेचदा विधी सेवेतून नेमलेला, ‘वय लहान, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईवडील’ एवढे बोलून बसतो. शाळेचा दाखला, मानसोपचाराचे कागद, तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल, काहीच रेकॉर्डवर नसते. गोळा करायला वेळ कुठे मिळालेला असतो? मग निकालपत्रात ‘सौम्य करणारी परिस्थिती आढळली नाही’ अशा दोन ओळी येतात.

ही भोके वर बुजवावी लागतात. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी कागद दोन न्यायमूर्तींसमोर जातातच. अपिलाची मुदत ३० दिवस. सर्वोच्च न्यायालयातली पुनर्विचार याचिका २०१४ पासून खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींसमोर चालते. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यावर फाशीपूर्वी किमान १४ दिवस द्यावे लागतात, हेही २०१४ चेच.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे खालच्या पायरीकडे, सत्र न्यायालयाकडे, लक्ष गेले. आरोपीची मानसिक तपासणी, कौटुंबिक व आर्थिक स्थिती, शिक्षण, पूर्वीचे गुन्हे ही माहिती सरकारने खटल्याच्या वेळीच द्यावी आणि तुरुंगाचा ताजा अहवाल मागवावा, असे निर्देश आले. सप्टेंबरमध्ये, दोषसिद्धीच्या दिवशीच शिक्षा सुनावणे चालेल का, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींकडे सोपवला गेला. १ जुलै २०२४ पासून १९७३च्या संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत शिक्षेवरच्या सुनावणीचे कलम आहे, क्रमांक बदललेला. दोषसिद्धी आणि शिक्षा यांत किमान किती दिवस असावेत, ते त्यातही लिहिलेले नाही.